किल्ली घेतली – ३

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. हे सगळं लिहून झाल्यावरही पटलेल्या नसतील, हे आधीच सांगून ठेवते. या सदरातले अनुभव मी ऑफिसच्या कामातून उठून दुपारी जेवताना वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. हायवेवर लिफ्ट मागणारी ती बाई... इतकी वर्षं उभी आहे, एव्हाना तिला एखादी एसटी मिळायला हवी होती. माझ्या गोष्टीत झाड नाही, विहीर नाही, अंधार नाही. जे झालं ते सकाळी साडेअकरा ते बाराच्या दरम्यान, ट्यूबलाइटखाली झालं आणि त्याची लेखी नोंद आहे. ती नोंद करायला मीच एका प्रोग्रामला शिकवलं होतं, पंचाईत तीच आहे.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं झाली, आता बरंचसं काम घरूनच असतं. माझा नवरा मिलिंद. अंबडला त्याची छोटी शेड होती, तिथे तो मशिनरीची कंट्रोल पॅनल बनवायचा. गेल्या सप्टेंबरमध्ये तो गेला. शेडमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट अटॅक. शेजारच्या गाळ्यातल्या लोकांनी हॉस्पिटलमध्ये नेलं, पण उपयोग नव्हता.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. म्हणजे दुःख होतं असं सगळे म्हणतात, ते माझ्याकडे अजून यायचं आहे. दिवसकार्य होईपर्यंत मी आल्यागेल्याला चहा केला, कुणाला साखर चालत नाही ते लक्षात ठेवलं, बँकेचे फॉर्म भरले. किती खंबीर आहे हो, असं लोक माझ्यासमोरच एकमेकांना सांगायचे. खंबीर कसली, बधिर होते. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि नंतर आपलाच गाल चावला तरी कळत नाही, तसं. फरक एवढाच की ते इंजेक्शन दोन तासांत उतरतं.

हॉस्पिटलने एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या वस्तू दिल्या होत्या. घड्याळ, पाकीट, चष्मा, गाडीची किल्ली आणि आणखी एक छोटी पितळी किल्ली. ती कशाची ते कळेना. घरातली कपाटं झाली, शेडमधले ड्रॉवर झाले, जुनी बॅगसुद्धा काढून पाहिली. कुठेच लागली नाही. मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. आठवण म्हणून वगैरे नाही, कुठे ठेवायची ते सुचलं नाही म्हणून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून भाऊसाहेबांचा फोन आला. तिथे हायवेपासून थोडं आत एक बेदाण्याचं युनिट आहे, भाऊसाहेब तिथले मशीन ऑपरेटर. मिलिंदने उमेदीच्या काळात बनवलेलं पहिलंवहिलं पॅनल त्यांच्याकडे आहे. चोवीस वर्षं चाललेलं.

"वहिनी, साहेबांचं कार्ड गेलं," ते म्हणाले. "दिवा बी लागंना. माल येऊन पडलाय आन् मशीन गप. तुमी त्याच लायनीतल्या ना?"

मी त्याच लायनीतली नाही. पण नाही म्हणायला सुद्धा थोडी ऊर्जा लागते, ती नव्हती. मी बरं म्हटलं.

मशीन म्हणजे एक लांबलचक लोखंडी ड्रम, खोलीएवढा. त्यात सुका बेदाणा टाकायचा, ड्रम फिरतो, आतली पाती देठ मोडतात, जाळीतून कचरा खाली पडतो. बेदाण्याची साखर त्या जाळीला अशी काही चिकटते की रोज कुणीतरी मागच्या झडपेतून आत शिरून, गरम पाणी आणि खरवडणी घेऊन, जाळी मोकळी करावी लागते. ड्रम केव्हा फिरायचा, किती वेळ, केव्हा थांबायचा हे सगळं मिलिंदच्या कार्डावरचा, म्हणजे पॅनलमधल्या सर्किट बोर्डावरचा प्रोसेसर ठरवायचा. तो प्रोसेसर आता बनत नाही. भंगारातून मिळाला तर मिळाला.

मग मी एमुलेटर लिहायला घेतला. सोप्या भाषेत सांगते, घाबरू नका. एमुलेटर म्हणजे सोंग. आजच्या छोट्या कॉम्प्युटरला त्या जुन्या प्रोसेसरचं सोंग घ्यायला लावायचं. मिलिंदचा प्रोग्राम एका मेमरी चिपमध्ये शाबूत होता, तो उचलून या सोंगाला द्यायचा. सोंग इतकं हुबेहूब हवं की प्रोग्रामला आपण दुसऱ्याच घरी आलोय हे कळूच नये. त्यासाठी एक फेरी असते, न संपणारी. एक आज्ञा उचल, ती पाळ, कुणी थांब म्हणतंय का बघ, पुढची उचल. सेकंदाला लाखो वेळा तेच.

आता फेरी एकीकडे चाललेली असते आणि स्क्रीनवाल्या भागालाही मधेच आकडे बघायचे असतात, बदलायचे असतात. दोघांनी एकाच वेळी हात घातला तर सगळा गोंधळ. म्हणून मध्ये एक लॉक ठेवतात. ज्याच्याकडे लॉक तोच हात लावणार, दुसरा थांबणार. आणि फेरीने थांबायचं ते हातातली आज्ञा पुरी करून. अर्ध्या आज्ञेत थांबायचं नाही. हा प्रोग्रामचा नियम झाला, माणसं अर्ध्यातच थांबतात.

त्या लॉकचं नाव मी कोडमध्ये 'किल्ली' ठेवलं. मिलिंदचाच शब्द तो. त्याच्या पॅनलवर किल्लीचा स्विच असायचा. जो मशीनच्या आत जाणार त्याने किल्ली फिरवून काढायची आणि स्वतःच्या खिशात घालून आत जायचं, तो बाहेर येऊन किल्ली लावेपर्यंत मशीन हलणार नाही. किल्ली एकच. कंपनीकडून येणारी दुसरी तो पक्कडीने वाकवून फेकून द्यायचा. एकदा मी म्हटलं, अरे हरवली तर? तर म्हणाला, हरवली तर मशीन बंद राहील, माणूस तर राहील.

तुमच्या लक्षात आलं असेल एव्हाना. माझ्या आलं नाही. पर्समध्ये पितळी किल्ली, डोक्यात किल्लीचा नियम, आणि त्या दोन गोष्टींची गाठ माझ्या मनात महिनाभर पडली नाही. म्हणून म्हटलं, बधिर.

प्रोग्रामचा कागद कुठेच नव्हता, नुसते आकडे होते. ते एकेक आज्ञा करून चालवताना मला तो कसा विचार करायचा ते दिसायला लागलं. ड्रम सुरू करायच्या आधी दोनदा भोंगा, मग तीन सेकंद गप्प, मग पुन्हा एकदा सगळ्या तारा तपासून मगच मोटर. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्या कोडची एक ओळसुद्धा वाचली नव्हती. माझ्याशी बोलताना एवढी अदब कधी दाखवली नाही त्याने.

एक गोष्ट मात्र खटकली. बाहेरून येणाऱ्या आठ तारांपैकी पाचव्या तारेला तो प्रोग्राम सारखा विचारायचा. चालू ना? चालू ना? सेकंदाला शेकडो वेळा, तोच प्रश्न. घरातून निघताना गॅस बंद केलास ना हे तीनदा विचारणारा माणूस, मी म्हटलं, दुसरं काय लिहिणार. पिंपळगावला जाऊन तारा बघितल्या तेव्हा पाचव्या टोकावर एक उघडी वायर वळवून बसवलेली होती आणि लेबल पुसलेलं होतं.

"ही कशाची?" मी विचारलं.

"ती ऱ्हाऊ द्या वहिनी," भाऊसाहेब दुसऱ्याच कामात होते. "ती कायम चालूच असती."

जी कायम चालू असते तिला विचारायचं कशाला... मी कोडमध्ये पाचव्या तारेच्या जागी कायमचा 'चालू' लिहून टाकला. एक ओळ. वीस वर्षांच्या अनुभवातून आलेली.

आता पहिली गोष्ट. ही घरी घडली, रविवारी दुपारी. मिलिंदच्या टेबलावर मी चाचणीसाठी एक छोटी मोटर लावली होती, तिला पंख्याचं पातं. पात्यात माझ्या ओढणीचा दोरा गुंतला, म्हणून मी बोटं घालून तो सोडवत होते. माझी मुलगी आर्या, बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली, मदत म्हणून कीबोर्डवर बसली आणि तिने 'सुरू' दाबलं. मी तिला थांब म्हणायच्या आत दाबलं.

पातं हललं नाही.

"आई, हँग झालंय हे," आर्या म्हणाली.

मी बोटं काढली, आणि पातं फिरायला लागलं. मला वाटलं, चला, आपल्या लॉकमध्ये घोळ आहे. किल्ली कोण घेतं, केव्हा सोडतं ही नोंद प्रोग्राम ठेवत होताच. फेरीचा नंबर १, स्क्रीनचा नंबर २. नोंदीत लिहिलं होतं : किल्ली घेतली – ३. आणि थोड्या वेळाने : किल्ली सोडली – ३.

तिसरं कुणी नव्हतंच. कोडमध्ये दोघंच होते. पण अशा कामात कचरा आकडे येतात कधीकधी, त्याचं काही वाटून घ्यायचं नसतं. मी उपाय केला. 'सुरू' दाबल्यावर फेरीला किल्ली पाच सेकंदांत मिळाली नाही तर समोरच्याकडून हिसकावून घ्यायची, अशी सोय केली. शिवाय सीझनच्या वेळी पुन्हा लोच्या नको म्हणून एक दुसरी प्रत तयार करून ठेवली. तिच्यातून लॉक पार काढून टाकलं. घेणं नाही, सोडणं नाही, नोंदही नाही. नुसती फेरी. आर्या मागून बघत होती.

"बाबांनी असं काढलं नसतं," ती म्हणाली.

"बाबा नाहीयेत," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली. मी काम चालू ठेवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सगळं सामान घेऊन पिंपळगावला गेले. सकाळभर मोटर न जोडता फेरी चालवून पाहिली, दोन तास सुरळीत चालली. पॅनलची केबिन ड्रमच्या पुढच्या टोकाला आहे. तिथून मागची झडप दिसत नाही. अकराच्या सुमारास मोटर जोडली, मेन स्विच वर केला. भाऊसाहेब बेल्ट आणायला गावात गेले होते, जाताना म्हणाले, "मी आल्यावरच फिरवू, वहिनी." अकरा पंचवीसला चहा आला. चहा झाला, भाऊसाहेब काही येईनात. उन्हाने पत्रा तापला होता. मला घरी जायचं होतं, म्हणजे घरी जाऊन काही करायचं होतं असं नाही. मी म्हटलं, फिरवूनच ठेवते.

अकरा बेचाळीसला मी 'सुरू' दाबलं.

काही नाही. भोंगासुद्धा नाही. नोंद उघडली तर त्यात ११:३१ला लिहिलेलं होतं : किल्ली घेतली – ३. म्हणजे अकरा मिनिटं फेरी थांबूनच होती, मी चहा पीत असल्यापासून. पाच सेकंदांनी माझी सोय जागी झाली : किल्ली हिसकावली – १. आणि त्याच सेकंदाला खाली : किल्ली घेतली – ३. पुन्हा दाबलं. हिसकावली – १, घेतली – ३. तिसऱ्यांदा दाबलं. पुन्हा तेच.

हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण मी तीनदा दाबलं. घाई नव्हती, राग नव्हता, शांतपणे दाबलं. लिफ्ट आली नाही की आपण बटण पुन्हा दाबतो, तसं.

मग मी तो प्रोग्राम बंद केला आणि दुसरी प्रत चालू केली. लॉक नसलेली. जिच्यात थांबण्यासारखं काही नव्हतंच. अकरा एकोणपन्नास. 'सुरू' दाबलं.

मोटर हलली नाही. स्क्रीनवर एक ओळ आली.

किल्ली घेतली – ३.

मी ती ओळ बघत बसले. भीती वाटली का, तर नाही. जरा वेळाने एवढंच वाटलं की मी चुकून जुनीच फाइल उघडली असणार. पुण्याच्या एका सहकाऱ्याला विचारावं म्हणून फोन काढला, तर केबिनमध्ये रेंज नव्हती. रेंज शोधत मी ड्रमच्या कडेकडेने मागे गेले.

मागच्या झडपेखाली चपला होत्या. एकीला एक लावून, नीट जोडीने काढलेल्या. आणि ड्रमच्या आतून खरवडल्याचा आवाज येत होता.

"आत कोण आहे?" मी विचारलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"मी यमुना," आतून उत्तर आलं. "झालंच ताई. हा एक कोपरा ऱ्हायला."

मी केबिनमध्ये परत गेले आणि मेन स्विच खाली ओढला. कशी गेले ते आठवत नाही, स्विचचं हँडल हाताला गरम लागलं ते आठवतं. मग मागे येऊन झडपेशी उभी राहिले. आधी बादली बाहेर आली, मग खरवडणी, मग यमुनाबाई, पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला, कोपरापर्यंत चिकट. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून दर सीझनला येणाऱ्यांपैकी त्या एक, पन्नाशीच्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"चहा झाला आन् लगेच शिरले," त्या म्हणाल्या. "ऊन व्हायच्या आत काम उरकलं म्हंजी बरं."

"मशीनला करंट होता," मी म्हटलं. "मी सुरू करत होते."

त्यांनी मान हलवली, माझंच काहीतरी चुकतंय अशी. "नाय ताई. मी आधी खिडकीतनं पॅनल बघितलं ना. किल्ली जागेवर नव्हती. किल्ली नाय म्हंजी साहेबांच्या खिशात हाय. साहेबांच्या खिशात किल्ली असल्यावर मशीन कसं चालंल?" मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "साहेब कुठं हायेत? दिसले नाय सकाळपासून."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आदल्या सीझनला गावी गेल्या त्या आत्ता आल्या होत्या.

"ते गेले," मी म्हटलं. "सप्टेंबरमध्ये."

हे वाक्य मी तोवर एकदाही बोलले नव्हते. सगळ्यांना आधीच माहीत असायचं, किंवा कुणी दुसरं सांगायचं, किंवा मी 'बाबा नाहीयेत' असलं काहीतरी म्हणायचे. यमुनाबाई त्या झडपेशीच खाली बसल्या, चिकट हात मांडीवर तसेच ठेवून. त्या रडल्या. मी त्यांच्याशेजारी उभी होते.

थोड्या वेळाने भाऊसाहेब आले. काय झालं ते कळल्यावर त्यांच्या हातातला बेल्ट खाली पडला. मग सगळं बाहेर आलं. सप्टेंबरमध्ये मिलिंद देखभालीसाठी येऊन गेला, आत उतरून सगळं पाहिलं, आणि जाताना किल्ली खिशातच राहिली. संध्याकाळी त्याचा फोन आला होता, उद्या कुणाबरोबर तरी पाठवतो म्हणून. उद्या तो गेलाच. आता अशा वेळी तुमच्याकडे किल्ली कोण मागणार, भाऊसाहेब म्हणाले, म्हणून उरलेला माल काढायला किल्लीच्या तारेला वायर वळवून टाकली. पाचवी तार ती.

"मला कळायला पायजे व्हतं वहिनी," ते म्हणाले. "वायर मीच लावली. तुमी इचारलं बी व्हतं."

वायर त्यांनी लावली होती, आणि त्या वायरवर कायमचा 'चालू' मी लिहिला होता. दोघांनी मिळून ती किल्ली दोनदा निकामी केली होती. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून पितळी किल्ली काढली आणि पॅनलच्या स्विचमध्ये घातली. ती लागली. फिरवताना ती जरा अडते आणि मग सुटते, म्हणजे वापरून झिजलेल्या किल्लीसारखी.

मग मी स्क्रीनकडे बघितलं. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता. शेवटची ओळ होती : १२:०३ किल्ली सोडली – ३. त्याखाली फेरी चालू झाल्याची खूण होती आणि स्क्रीनवर मोटरचा दिवा लागलेला होता. मेन बंद होता म्हणून ड्रम फिरला नाही इतकंच. यमुनाबाई बाहेर आल्या तेव्हा, फोनमध्ये रेंज आली का ते बघताना, मला वेळ दिसली होती. बारा वाजून तीन मिनिटं झाली होती.

घरी येऊन मी दोन आठवडे हेच केलं. पुण्याच्या सहकाऱ्याला नोंद पाठवली. तो म्हणाला, मेमरी करप्शन, म्हणजे मेमरीतले आकडे बिघडले. आमच्यात भुताला मेमरी करप्शन म्हणायची पद्धत आहे. मी ते मान्य करायला तयार होते, अजूनही आहे. पण त्या दुसऱ्या प्रतीत 'किल्ली घेतली' ही अक्षरंच नाहीत. मी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधली, सहकाऱ्याने शोधली. त्या दिवशी चालवलेली फाइल हीच, तारीख-वेळ सगळं जुळतं. जी अक्षरं तिच्यात नाहीत ती तिने छापली कुठून? आणि पहिल्या प्रतीत आकडा बिघडला म्हणावं, तर बरोबर यमुनाबाई आत शिरतानाच बिघडतो कसा, आणि दुसरी प्रत बरोबर बारा तीनला सुटते कशी? किल्ली माझ्या पर्समध्ये होती म्हणून म्हणाल, तर पर्स सकाळपासून तिथेच टेबलावर होती आणि सकाळी फेरी दोन तास धावली होती. तीही वाट बंद.

आर्याला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तू तीनदा हिसकावलीस?"

"तीनदा," मी म्हटलं. "चौथ्यांदा लॉकच काढून टाकलं."

ती जवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. हात माझाच होता, एवढं कळत होतं.

आता पाचवी तार खरी आहे. वायर काढली, लॉक असलेली पहिली प्रत परत लावली, तिच्यातली ती ओळ काढली. मिलिंदचा प्रोग्राम पुन्हा सेकंदाला शेकडो वेळा विचारतो आणि त्याला खरं उत्तर मिळतं. यमुनाबाई आत जाताना किल्ली काढून कमरेच्या बटव्यात ठेवतात आणि बटव्याचं तोंड दोनदा आवळतात. मशीन उत्तम चाललंय. माझं तिथलं काम संपलं.

तरी मी दर पंधरा दिवसांनी पिंपळगावला जाते. भाऊसाहेबांना सांगते, तपासून घेते. ते खुर्ची देतात, चहा मागवतात, काही विचारत नाहीत. तपासण्यासारखं काही नसतं. मी नोंद उघडते आणि मागच्या खेपेपासूनच्या सगळ्या ओळी वाचते. घेतली – १, सोडली – १, घेतली – २, सोडली – २. हजारो ओळी, सगळ्या वाचते. तीन कुठेच नाही.

एक कबूल करते आणि थांबते. मला त्याचा राग येतो. आठ महिन्यांत दुसरं काही आलं नाही, राग आला. मिलिंद आला असेल, असेल म्हणते मी, मानत नाही, तर यमुनाबाईंसाठी आला. घरी आला तेव्हाही माझ्या बोटांसाठी आला, माझ्यासाठी नाही. काम झालं, किल्ली जागेवर लागली, गेला. भोंगा दोनदा, तीन सेकंद गप्प, इतकी अदब मशीनशी. मला एक ओळ नाही.

परवा गेले तेव्हा ड्रम रिकामा होता, सगळे जेवायला गेले होते. किल्ली पॅनलला होती. मी मागे जाऊन झडपेत वाकून आत कुणी नाही ना ते दोनदा पाहिलं, मग केबिनमध्ये येऊन 'सुरू' दाबलं आणि वाट बघितली, की एकदा, आत कुणी नसताना, उगाच अडकेल.

भोंगा वाजला, दोनदा. तीन सेकंद गेले. ड्रम फिरायला लागला.